राक्षसभुवन
राक्षसभुवन हे बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील गोदावरीच्या दक्षिण तीरावरील तीर्थक्षेत्र आहे. उमापूर हे गाव याच तालुक्यात आहे. येथील शनिमंदिर शनीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानले जाते. शनिवारी येणाऱ्या अमावास्येस व वैशाख अमावास्येच्या शनिजयंतीस भाविक गोदास्नान करून दर्शन घेतात.

१० ऑगस्ट १७६३ रोजी येथे मराठे व निजाम यांच्यात लढाई झाली. निजाम अलीने नदी ओलांडली होती. परंतु पुरामुळे त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर अलीकडे सैन्यासह अडकला. माधवराव पेशव्यांच्या फौजेने त्याच्यावर हल्ला केला. विठ्ठल सुंदर मारला गेला.

नदीच्या वरच्या अंगास पैठणजवळ जायकवाडी धरण आहे. तेथून मोठा विसर्ग झाल्यास नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा दिला जातो. अशा वेळी यात्रेकरूंनी पात्रात उतरू नये.