डोळ्यामागची तीन टोपणं जागा

गल्लीत क्रिकेट रंगलेलं असतं आणि टेनिसचा चेंडू आठ-नऊ वर्षांच्या पोराच्या डोळ्यावर बसतो. डोळा लाल नाही, सूजही बेताचीच. पण पोरगं सारखं ओकतंय, नाडी मंदावलीय, वर बघ म्हटलं की एकच डोळा वर जातो. घरच्यांना वाटतं डोक्याला मार लागला, कधीकधी डॉक्टरांनाही तसंच वाटतं. चिठ्ठीवर ‘मेंदूचा सीटी’ लिहिलं जातं, रिपोर्ट नॉर्मल येतो आणि पोराला घरी पाठवतात. खरा घोळ मेंदूच्या खाली, डोळ्याच्या खोबणीत झालेला असतो.

ही खोबण सात हाडांची. तिच्यात जेमतेम ३० मिलिलिटर मावतं, म्हणजे खोकल्याच्या औषधाची तीन टोपणं. सातेक मिलिलिटर तर डोळ्याचा गोळाच अडवतो. उरलेल्या जागेत चरबी, डोळा फिरवणारे सहा स्नायू, दृष्टीची नस आणि रक्तवाहिन्या अशी सगळी दाटीवाटी. नाकाकडची भिंत इतकी पातळ, की शरीरशास्त्रातलं तिचं लॅटिन नावच ‘कागदी पत्रा’ अशा अर्थाचं आहे. तळही तसाच नाजूक. मोठ्या माणसात तो फुटतो. लहान मुलात ओल्या फांदीसारखा वाकतो, क्षणभर उघडतो आणि उंदराच्या सापळ्यासारखा मिटतो. खालचा स्नायू त्या चिमटीत सापडतो. नाडी मंदावते ती या ओढीनं. हाड मात्र स्कॅनमध्ये जवळपास जागेवरच दिसतं. म्हणून भेग शोधत बसण्याआधी स्नायू खोबणीत आहे का, ते बघायचं. त्यासाठी खोबणीचेच पातळ काप हवेत, तेही समोरून पाडलेले. चिमटीतला स्नायू एक-दोन दिवसांत सोडवला नाही, तर तो रक्तावाचून कायमचा निकामी होऊ शकतो.

डोळ्याच्या आतलं बघणं त्या मानानं सोपं. १८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं डोळ्यात बघायचं आपलं उपकरण जगापुढे मांडलं, तेव्हापासून डॉक्टर बाहुलीतून थेट पडद्यापर्यंत बघतात. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मंडळींनी ओसीटी नावाचं तंत्र पुढे आणलं. ते पडद्याचे थर नुसत्या प्रकाशानं, मायक्रॉनच्या हिशेबात दाखवतं. पण मोतीबिंदू पूर्ण पिकलेला असला, की प्रकाशाची वाट बंद. मग मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफी करतात आणि मागचा पडदा सुटलाय का ते कळतं. मात्र डोळा फुटल्याची शंका असेल तर त्याच्यावर दाब पडता कामा नये.

२०२१ च्या मे महिन्यात महाराष्ट्राला खोबणीचा भूगोल फार क्रूरपणे शिकायला मिळाला. कोविडमधून उठलेल्या, मधुमेह असलेल्या, स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत काळी बुरशी नाकाच्या पोकळ्यांतून निघायची आणि त्याच कागदी भिंतीतल्या रक्तवाहिन्यांच्या वाटांनी डोळ्यामागे पोहोचायची. हाड शाबूत दिसायचं, त्यामुळे नुसत्या सीटीवर विसंबून भागत नव्हतं. शिरेतून औषध देऊन एमआरआय केला, की नाकातलं जिवंत अस्तर पांढरं उजळतं. बुरशीनं मारलेला भाग काळाच राहतो. डोळा वाचवायचा की जीव वाचवण्यासाठी काढायचा, हे ठरवताना त्या काळ्या डागाची हद्द महत्त्वाची असे.

तरी यंत्रं भोळीच. डोळ्याजवळ घुसलेली वाळकी काडी सीटीवर हवेसारखी काळी दिसते, म्हणून हवेचा बुडबुडा समजून सोडून दिली जाऊ शकते. ‘कुंपणाची काडी लागली’ एवढं चिठ्ठीवर असलं, तर रेडिओलॉजिस्ट त्या बुडबुड्याच्या सरळ कडांकडे दुसऱ्यांदा बघतो. माझ्या मते निदानातली निम्मी कामगिरी या चिठ्ठीची असते आणि तीच आपल्याकडे सर्वांत घाईत खरडली जाते.

एक गोष्ट तर रुग्णानंच सांगायची असते. लेथ, ग्राइंडर, वेल्डिंगचं काम करताना पूर्वी कधी लोखंडाचा कण डोळ्यात गेला असेल, तर एमआरआयच्या आधी ते आवर्जून सांगा, अगदी वीस वर्षं झाली असली तरी. एमआरआयच्या चुंबकानं असा विसरलेला कण हलला आणि डोळ्यात रक्तस्राव झाला, अशी नोंद १९८६ मध्ये झालेली आहे. शंका असेल तर खोबणीचा साधा एक्स-रे आधी काढतात. त्याला काही मिनिटं पुरतात.