उसाच्या मळ्यातील ओसाड ठिगळे : निदान व दुरुस्ती

बारामती व इंदापूर तालुक्यांत नीरा डाव्या कालव्याच्या लाभक्षेत्रात ऊस जोमाने उभा असताना मध्येच पाच-दहा गुंठ्यांचे ठिगळ ओसाड पडलेले आढळते. तेथे टिपरी उगवत नाही; उगवलीच तर पाने टोकाकडून करपू लागतात. शेतकरी दोष बेण्याला देतो, नांग्या भरतो, खताची मात्रा वाढवितो आणि पाणी थोडे अधिक सोडतो. यांपैकी शेवटच्या उपायाने तर ठिगळ अधिकच पसरते.

हा विकार नवा नव्हे. या कालव्यास १८८५ साली पाणी सुटले आणि १९१० साली, म्हणजे पंचवीस वर्षांतच, पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरॉल्ड मॅन यांना नीरा खोऱ्यातील खारपड जमिनींवर सहकाऱ्यासह पुस्तिका लिहावी लागली. कालव्यातून व पाटांतून झिरपलेले पाणी आणि पिकास गरजेपेक्षा जास्त दिलेले पाणी खाली साठते, सखल भागाकडे सरकते आणि तेथे जमिनीच्या पृष्ठभागाजवळ येते. उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात. यामुळे पुष्कळदा पाणी सांडते वरच्या रानात आणि मीठ फुटते खालच्याच्या रानात.

तथापि प्रत्येक ओसाड जागा खारीच असते असे नाही. प्रथम ठिगळाच्या कडेचे एक बेट उपटून पाहावे. ते सहज हाती आले, मुळ्या कुरतडलेल्या असल्या व मातीत पांढऱ्या अळ्या सापडल्या, तर तो हुमणीचा उपद्रव होय. तेथे जमीन सुधारण्याचा खर्च व्यर्थ जाईल. मुळ्या शाबूत पण काळवंडलेल्या असतील, तर चार-पाच फूट खोल खड्डा घ्यावा व एक दिवस तसाच ठेवून त्यात पाणी किती उंचीपर्यंत चढते ते पाहावे. ही परीक्षा बिनखर्चाची आहे, आणि बहुधा तीच टाळली जाते.

पृष्ठभागावर पांढरा फुलोरा व खाली माती भुसभुशीत असेल, तर जमीन क्षारयुक्त समजावी. माती ओली असता चिकट व वाळल्यावर दगडासारखी टणक होत असेल, पाणी वर तुंबत असेल आणि वाळताना काळपट साय धरत असेल, तर ती चोपण होय. डोळ्यांनी केलेला हा अंदाज प्रयोगशाळेत पडताळून घ्यावा. ठिगळातील व शेजारच्या चांगल्या जागेतील माती एक-एक फुटाच्या थरांतून निरनिराळी काढून बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रासारख्या ठिकाणी तपासावी; विहिरीचे पाणीही सोबत द्यावे. सामू साडेआठाच्या वर असल्यास चोपणपणाचा संशय बळावतो.

दोन्ही प्रकारांत पहिला उपाय निचरा हाच. चर किंवा जमिनीखालील सच्छिद्र नळ पाणी वाहून नेणाऱ्या मुरमापर्यंत पोहोचले पाहिजेत. वरच्या काळ्या मातीतच थांबलेला उथळ चर फारसा उपयोगी पडत नाही. निचरा झाल्यावर क्षारयुक्त जमीन बांध घालून गोड्या पाण्याने धुवावी. चोपण जमिनीत आधी परीक्षणानुसार जिप्सम वरच्या थरात मिसळावे. त्यातील कॅल्शियम मातीच्या कणांवरील सोडियमची जागा घेतो, आणि सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो. वाट नसेल तर तो जाणार कोठे? निचऱ्यावाचून टाकलेले जिप्सम म्हणजे मातीत पुरलेला पैसा होय. तीच गत दुसऱ्या रानातून आणून पसरलेल्या मातीची. काही काळाने खालचे मीठ तिच्यातूनही वर येते.

हे काम ऊस तुटल्यानंतर उन्हाळ्यात करावे, म्हणजे पावसाचे पाणी धुण्यास मिळते. त्यानंतर धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडावा. पुढील लागणीस फुले २६५ हा खाऱ्या जमिनीत तग धरणारा वाण निवडता येईल. नीरेपलीकडील पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने तो दिलेला आहे.

खरी अडचण असते ती चराच्या तोंडाची. ओढ्यापर्यंतची वाट बहुधा शेजाऱ्याच्या रानातून जाते आणि तो नकार देतो. अशा वेळी गावपातळीवरील कार्यकर्त्याने दोघांना एकत्र आणून शेजाऱ्याच्या रानातही एक खड्डा घ्यावा. त्यात पाणी तीन फुटांवर लागले, तर वाटेची बोलणी लवकर पुढे सरकतात.