राक्षसभुवनावर रिव्हॉल्व्हर!

यंदाच्या गॅदरिंगसाठी मी एक ऐतिहासिक एकांकिका लिहिली. विषय आपल्याच जिल्ह्यातला. गेवराई तालुक्यातलं राक्षसभुवन आपल्याला शनीच्या मंदिरामुळे माहीत असतं. पण १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे गोदावरीकाठी मोठी लढाई झाली. निजाम अली काही फौजेसह नदी उतरून पलीकडे गेला होता. त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर बाकीच्या फौजेबरोबर अलीकडे राहिला, आणि गोदावरी दुथडी भरलेली. माधवराव पेशवे आणि राघोबादादा नेमके तेव्हाच चालून आले. विठ्ठल सुंदर मारला गेला. माधवरावांचं वय तेव्हा अवघं अठरा, म्हणजे आपल्या फर्स्ट इयरच्या पोरांएवढं!

तर माझा नायक घोड्यावरून येतो, कमरेचं पिस्तूल काढतो आणि धाड धाड धाड सहा गोळ्या झाडतो. सहा गडी आडवे. तालमीत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दाराशी आमचे वॉचमन मामा बसले होते. मामा माजी सैनिक. तालीम संपल्यावर मला म्हणाले, ‘‘पोरी, लई भारी लिहिलंस. फक्त एक सांग, ह्यो गडी बंदूक भरतो कवा?’’

मी निरुत्तर. कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे माझं मराठी आधीच यथातथा, त्यात इतिहास सगळा टीव्हीवरून आलेला. मग लायब्ररीत जाऊन बसले.

रिव्हॉल्व्हरचं पेटंट कोल्टने अमेरिकेत घेतलं १८३६ साली. म्हणजे माझा नायक त्र्याहत्तर वर्षं आधीच ते चालवत होता. १७६३ मधली बंदूक ठासणीची. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून शिशाची गोळी सोडायची आणि लांब गजाने दोन्ही बुडापर्यंत ठासायचं. नळीच्या बुडाशी एक बारीक भोक असतं, त्याला कान म्हणत. कानाबाहेरच्या छोट्या वाटीत बारीक दारू ठेवायची, ती रंजक. आता पेटवायचं कसं? जुन्या तऱ्हेच्या बंदुकीत जळती वात असायची, म्हणजे तोडा किंवा जामगी. चाप ओढला की वातीचं जळतं टोक रंजकात पडायचं. नव्या तऱ्हेत वातीऐवजी गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडे. रंजक भडकलं की जाळ कानातून आत जातो आणि मग बार उडतो. चाप ओढणं आणि बार उडणं यात किंचित वेळ जातो, तेवढा वेळ नेम धरून ठेवायचा.

हे सगळं करायला किती वेळ लागतो? कवायतीतला तयार शिपाई गारगोटीच्या बंदुकीतून मिनिटाला दोन, फार तर तीन बार काढायचा. तोड्याच्या बंदुकीला त्याहून जास्त वेळ. आता आपलं इंजिनिअरिंग वापरा. नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे शंभर मीटरपलीकडच्या एकट्या माणसाला नेमकी गोळी लागणं नशिबाचा खेळ. भरधाव घोडा ताशी ४० किलोमीटर धरा, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. शंभर मीटर अंतर तो नऊ सेकंदांत तोडतो. बंदूक पुन्हा भरायला हवेत निदान वीस सेकंद. म्हणजे एकट्या बंदूकवाल्याला बार एकच. तो चुकला की हातात उरते फक्त लांब काठी. कवायती पलटणी रांगा करून आळीपाळीने बार का काढायच्या आणि बंदुकीला संगीन का लावायच्या, हे मला या गणिताने कळलं. इतिहासाच्या तासाला कधी कळलं नव्हतं!

उलट माझा नायक घोडेस्वार. पळत्या घोड्यावर दारू ओतून गज मारणं किती अवघड! त्यांची मुख्य भिस्त तलवार-भाल्यावर. त्यात महिना ऑगस्टचा. पावसात तोडा विझतो, रंजक ओलं झालं की ठिणगी पडूनही काही होत नाही. आणि धूर! त्या दारूत साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक. जळल्यावर निम्म्याहून जास्त भाग घन कणांच्या रूपात उरतो, म्हणून पांढरा धूर दाटतो आणि नळीत काजळी धरते. दोन-चार फैरींनंतर समोरचं दिसत नाही. धूर न करणारी दारू आली १८८४ मध्ये, फ्रान्समध्ये.

बाकीच्या काळांचं थोडक्यात सांगते. १८५७ ची गोष्ट लिहिणार असाल तर पितळी काडतूस नको. एनफिल्डचं काडतूस कागदाचं होतं, ते दाताने फाडून दारू नळीतच ओतावी लागे. १९०९ मध्ये नाशिकला अनंत कान्हेरेंनी जॅक्सनवर झाडलं ते ब्राउनिंग पिस्तूल. त्यात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात, रिव्हॉल्व्हरसारखं फिरणारं चक्र नसतं. त्यामुळे एका ओळीत पिस्तूल आणि पुढच्या ओळीत रिव्हॉल्व्हर करू नका (आपल्याकडे सर्रास करतात). आणि मुक्तिसंग्रामावर नाटक बसवणाऱ्यांनो, पोलीस ॲक्शन झाली सप्टेंबर १९४८ मध्ये. एके-४७ रशियन सैन्यात रुजू झाली १९४९ ला. तेव्हा लष्कराच्या जवानाला थ्री नॉट थ्री द्या, आणि प्रत्येक गोळीनंतर बोल्ट मागे-पुढे करायला लावा.

माझा प्रसंग मी पुन्हा लिहिला. आता निजामाच्या बाजूला एक गारदी आहे. त्याचा बार चुकलाय. तो दारू ओततो, गज मारतो, हात थरथरतात. मराठा स्वार येतोय आणि नदी पाठीशी आहे. आधीच्या मसुद्यात हा गारदी सहा मुडद्यांपैकी तिसरा होता, त्याला नावसुद्धा नव्हतं. आता त्याला अर्ध्या मिनिटाचं स्वगत आहे आणि तेच सगळ्यांना जास्त आवडतंय. नायकाचं काम करणारा मात्र माझ्यावर जाम खवळलाय.

मामांनी काल परत तालीम पाहिली. म्हणाले, ‘‘आता बरूबर. पण धूर कुठंय?’’ स्टेजवर धुपाटणं ठेवायची परवानगी रेक्टर सरांकडे मागितली आहे. अजून उत्तर नाही.