शंभर डॉलरांची रायफल

सोव्हिएत संघराज्य १९९१ च्या अखेरीस विसर्जित झाले आणि त्याच्या अवाढव्य शस्त्रागारांत दशकानुदशके साठवून ठेवलेला लष्करी सरंजाम हळूहळू परदेशच्या बाजारात उतरू लागला. त्यात जी वस्तू अमेरिकेतील दुकानांतून अत्यंत मुबलक प्रमाणात दिसू लागली ती म्हणजे मोसिन-नागाँ नमुना १८९१/३० ही जुनी रायफल. एकेका लाकडी पेटीत वीस-वीस नग, प्रत्येक नग घट्ट तपकिरी ग्रीसमध्ये आपादमस्तक माखलेला आणि सोबत संगीन, पट्टा, तेलाची डबी, साफसफाईची हत्यारे असा सगळा जामानिमा. आणि एवढ्या सगळ्याची किंमत कित्येक वर्षे शंभर डॉलरांच्या आत! नवी शिकारी रायफल घ्यावयाची तर याच्या कित्येक पट पैसे मोजावे लागत असल्यामुळे बेताच्या कमाईच्या हौशी नेमबाजांनी या पेट्यांवर झडप घातली, यात नवल नाही.

या रायफलीविषयी तेव्हापासून दोन परस्परविरोधी मते प्रचलित आहेत. एक पक्ष म्हणतो की ती ओबडधोबड, बोजड आणि कालबाह्य आहे, व स्वस्त होती म्हणूनच खपली. दुसरा पक्ष म्हणतो की चिखल, बर्फ आणि अडाणी हाताळणी यांतून सहीसलामत निघणारे असे शस्त्र पुन्हा घडले नाही. दोन्ही मतांना आधार आहे, परंतु दोन्ही पक्ष एक गोष्ट विसरतात असे मला वाटते. या रायफलीचे बहुतेक सर्व गुण आणि बहुतेक सर्व दोष एकाच मुळातून उगवलेले आहेत, आणि ते मूळ म्हणजे ती ज्याच्या हाती देण्यासाठी घडवली गेली तो जाड कोट घातलेला, संगीन लावून रांगेत चालणारा, बहुधा निरक्षर असा रशियन शेतकरी शिपाई.

१८७७-७८ च्या रशिया-तुर्कस्तान युद्धात प्लेव्हना येथे रशियन फौजेने जो मार खाल्ला तो या कथेचा आरंभ होय. तुर्कांकडे दूरच्या माऱ्यासाठी पीबॉडी-मार्टिनी आणि जवळच्या माऱ्यासाठी एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या विंचेस्टर रायफली होत्या; रशियन शिपायाच्या हाती मात्र प्रत्येक बारानंतर नव्याने भरावी लागणारी एकबारी बंदूक होती. या अनुभवानंतर पुनर्भरणी रायफलीचा शोध सुरू झाला आणि अखेरच्या चाचण्यांत दोन नमुने समोरासमोर आले : तूला येथील शस्त्रकारखान्यातील कॅप्टन सर्गेई इव्हानोविच मोसिन याचा आणि बेल्जियमच्या लेओन नागाँ याचा. १८९१ मध्ये जी रायफल मंजूर झाली ती मुख्यत्वे मोसिनची, परंतु तिच्यात नागाँच्याही काही कल्पना सामावलेल्या होत्या; या कारणाने मंजुरीच्या हुकमात दोघांपैकी कोणाचेच नाव न घालता तिला केवळ १८९१ च्या नमुन्याची तीन लिनिया रायफल असे म्हटले गेले. लिनिया म्हणजे इंचाचा दहावा भाग. तीन लिनिया म्हणजे ७.६२ मिलिमीटर. स्वतःच्या देशाच्या सैन्याला आयुष्यभराचे शस्त्र देणाऱ्या मोसिनचे नाव त्या शस्त्रावर त्याच्या हयातीत लागले नाही, ही गोष्ट मला आजही अन्यायाची वाटते. तो १९०२ मध्ये वारला.

तिच्या रचनेतील सर्वांत विचारपूर्वक केलेला भाग बाहेरून जवळजवळ दिसतच नाही. तिच्या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे. अशी कड असली म्हणजे काडतूस नळीत किती खोल जाऊन थांबावे हे ती कडच ठरवते, आणि त्यामुळे चेंबरच्या आतील मापात थोडेफार कमीजास्त झाले तरी चालते. ज्या देशाच्या कारखान्यांत सूक्ष्म मापाची यंत्रे अपुरी होती, आणि ज्याला पहिल्या पाच लाख रायफली फ्रान्समधील शातलरो येथील कारखान्यातून करवून घ्याव्या लागल्या, त्या देशाने हा सुरक्षित मार्ग पत्करला हे समजण्याजोगे आहे. परंतु अशी पाच काडतुसे पेटीत एकावर एक ठेवली की वरच्याची कड खालच्याच्या कडेमागे अडकून ऐन वेळी दोन्ही खोळंबण्याची भीती असते. मोसिनने त्यावर एक छोटी पोलादी पट्टी योजली. ती दुसऱ्या काडतुसाला खाली दाबून धरते आणि बोल्ट पहिल्या काडतुसाला निर्वेधपणे पुढे नेऊन बसवीपर्यंत त्याला वर येऊ देत नाही. हीच पट्टी रिकामे टरफल बाहेर उडविण्याचेही काम करते. बोल्टचे एकंदर सात भाग, ते हाताने सुटे होतात आणि हातानेच पुन्हा जुळतात; पेटीचे तळाचे झाकण बिजागरीवर उघडते. अशिक्षित भरतीच्या शिपायाला थोड्या दिवसांत शिकवता येईल अशी ही रचना होती. तिचे निरनिराळे नमुने मिळून सुमारे ३ कोटी ७० लाख नग घडले, असे मानले जाते.

ती स्वस्त का विकली गेली याचे उत्तर या आकड्यातच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांनी कोट्यवधी रायफली गोळा करून तपासल्या, झिजलेले भाग बदलले, जुन्या क्रमांकांच्या जागी नवे क्रमांक ठोकले, दस्त्यांना पुन्हा लाखेचा हात दिला आणि पुढील युद्धाच्या तजविजीने त्या ग्रीसमध्ये बुडवून गुदामांत रचून ठेवल्या. ते युद्ध आले नाही, आणि सैन्याने दरम्यान स्वयंचलित शस्त्रे स्वीकारली. ज्या मालाचा घडणावळीचा खर्च केव्हाच खजिन्यातून वळता झालेला आहे आणि ज्याला आता गिऱ्हाईक मिळेल तेवढाच लाभ, त्याच्या किमतीवरून त्याची प्रत ठरविणे चुकीचे होय. शंभर डॉलर ही पोलादाची वा कारागिरीची किंमत नव्हती. ती पुरवठ्याच्या अतिरेकाची किंमत होती.

मूळ यंत्र किती पक्के होते याची साक्ष फिनलंडने दिली आहे, आणि ती शत्रूची साक्ष असल्याने अधिक मोलाची. १९१७ मध्ये स्वतंत्र झालेल्या या लहान देशाच्या ताब्यात रशियन फौजेच्या मोसिन रायफली मोठ्या संख्येने आल्या. फिन लोकांनी त्यांचा बोल्ट ज्यात बसतो तो पोलादी गाभा जसाच्या तसा ठेवला. नळ्या मात्र नव्या, जाड आणि काटेकोर बसवल्या, चाप सुधारला, साइट बदलली. अशाच एका एम/२८-३० रायफलीने, दुर्बीण न वापरता, सिमो हायहा याने १९३९-४० च्या हिवाळी युद्धात शत्रूचे पाचशेहून अधिक सैनिक टिपले, असे त्याच्या नावावर नोंदले गेले आहे. पुढे १९८० च्या दशकात फिनिश सैन्याने आपली टीकेआयव्ही-८५ ही दूरमाऱ्याची रायफल तयार केली तीसुद्धा याच जुन्या गाभ्यावर. याचा अर्थ असा की अवगुण गाभ्यात नव्हते. ते घाईत घडलेल्या नळीत, चापात आणि दस्त्यात होते.

आता ते अवगुण. संगिनीवाचून या रायफलीची लांबी १,२३२ मिलिमीटर आणि वजन सुमारे चार किलो. संगीन लावली की ती दीड मीटरहूनही लांब होते. रशियन शिपाई संगीन सदैव लावूनच वावरे आणि रायफलीचा नेमही संगीन लावूनच जुळवला जाई. परिणामी आजचा मालक ती काढून चांदमारीला उभा राहतो तेव्हा गोळी अपेक्षित जागी लागत नाही, आणि तो रायफलीला दोष देतो. दस्ता आखूड आहे, कारण खांद्यावर जाड हिवाळी कोट असणार हे गृहीत धरले होते. सदरा घातलेल्या खांद्याला त्याच्या टोकाची पोलादी पट्टी बोचते आणि ९.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे ८६५ मीटर वेगाने सोडणाऱ्या काडतुसाचा धक्का चांगलाच जाणवतो. बोल्टची मूठ तोकडी आणि सरळ. ती पूर्ण काटकोनात उचलावी लागते. सुरक्षेसाठी निराळा खटका नाही : बोल्टच्या मागील गोल गुंडी स्प्रिंगच्या पूर्ण जोराविरुद्ध मागे ओढून डावीकडे फिरवावी लागते, आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांना हे काम जवळजवळ अशक्य होते. ही शेवटची उणीव मी क्षम्य मानीत नाही. बाकीच्या उणिवांना त्या शिपायाच्या गरजांचे स्पष्टीकरण आहे. भरलेली बंदूक सुरक्षित करणे अवघड असावे, याची गरज कोणत्याही शिपायाला नव्हती.

बोल्ट अडकतो ही तक्रार सर्वांत अधिक ऐकू येते. पुष्कळदा तिचे कारण यंत्रात नसून साठवणीच्या ग्रीसमध्ये असते. चेंबरच्या आत वर्षानुवर्षे घट्ट बसलेला त्याचा थर नळी तापली की चिकट होतो आणि टरफल धरून ठेवतो. तो नीट काढला की बोल्ट सहसा मोकळा होतो.

खरा छुपा धोका दारूगोळ्यात आहे. रायफलीबरोबरच स्वस्तात मिळणाऱ्या, ४४० काडतुसांच्या मोहोरबंद पत्र्याच्या डब्यांतील सोव्हिएत काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असते. अशी टोपी अनेक दशके साठवूनही दगा देत नाही, म्हणून सैन्याला ती प्रिय; परंतु बार उडाल्यावर तिच्यातून पोटॅशियम क्लोराइड हा क्षार नळीत उरतो. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला जसे पाणी सुटते तसा हा क्षार हवेतील ओलावा ओढून घेतो आणि थोड्याच काळात नळीच्या आतील आटे गंजू लागतात. तो तेलात विरघळत नाही. त्यामुळे केवळ तेलाचा बोळा फिरवून रायफल ठेवून देणारा मनुष्य तिची काळजी घेतल्याच्या समाधानात ती नासवतो. आधी पाण्याने धुवून, पुसून, कोरडी करून मगच तेल दिले पाहिजे. लष्करात ही शिस्त हुकमाने पाळली जाई, तरी सर्वत्र सारखी नव्हे. शिवाय सफाईची पोलादी सळई तोंडाकडून आत घालावी लागत असल्यामुळे पुष्कळ नळ्यांचे तोंड झिजले आहे. शस्त्रागारांनी अशा नळ्यांच्या टोकाकडचे झिजलेले आटे कोरून काढून आतील धड भाग उघडा केला. विकत घेणाऱ्याने सर्वप्रथम पाहावे ते नळीचे हे तोंड; दस्त्याची चकाकी नव्हे.

अमेरिकेच्या बाजाराला ही रायफल नव्वदच्या दशकात प्रथमच ठाऊक झाली असे मात्र नाही. पहिल्या महायुद्धात शस्त्रांच्या टंचाईने गांजलेल्या झारच्या सरकारने रेमिंग्टनकडे १५ लाख आणि न्यू इंग्लंड वेस्टिंगहाउसकडे १८ लाख मोसिन रायफलींची मागणी नोंदवली होती. १९१७ च्या क्रांतीनंतर तो व्यवहार मोडला, आणि कारखाने बुडू नयेत म्हणून अमेरिकन सरकारला सुमारे २ लाख ८० हजार नग स्वतः घ्यावे लागले. त्यांतील काही घेऊन १९१८ मध्ये अमेरिकन शिपाईच अर्खांगेल्स्कला उतरले. उरलेल्यांपैकी पुष्कळ पुढे नागरिकांना अल्प किमतीत विकल्या गेल्या. एकाच रायफलीचा शिल्लक साठा एकाच देशात दोनदा, तोही निरनिराळ्या साम्राज्यांच्या अंतामुळे, विक्रीस यावा, हा योग दुर्मीळच म्हटला पाहिजे.

मराठी वाचकाला तुलनेसाठी जवळची रायफल म्हणजे आपल्या पोलिसांची ‘थ्री नॉट थ्री’, अर्थात ली-एन्फील्ड. तिची पेटी दहा काडतुसांची, बोल्ट कमी उचलावा लागणारा व कितीतरी जलद, सुरक्षेचा खटका अंगठ्याखाली. शिपायाच्या हातातील शस्त्र म्हणून ती निःसंशय सरस आहे. बंगालमधील ईशापूरच्या कारखान्यातून निघालेल्या तिच्या २ए आणि २ए१ या ७.६२ मिलिमीटरच्या भारतीय आवृत्त्याही त्याच अमेरिकन बाजारात शिलकी माल म्हणून पोचल्या. तथापि चांगल्या जुन्या शस्त्रालाही एक मुदत असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित रायफली घेऊन आलेल्या हल्लेखोरांसमोर काही पोलिसांच्या हाती हीच थ्री नॉट थ्री होती. चांदमारीच्या मैदानावर जुने शस्त्र हा छंद आहे. बंदोबस्तावरील शिपायाच्या हाती ते देणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आपल्याकडे लष्करी काडतूस चालवणाऱ्या .३०३ आणि ७.६२ बोअरच्या रायफली सामान्य परवान्यावर मिळतही नाहीत, त्यामुळे मोसिनच्या स्वस्ताईचा मोह इकडे पडण्याचा प्रश्न नाही. तिचे काडतूस मात्र आपल्या सैन्याच्या चांगल्या परिचयाचे आहे : द्रागुनोव्ह रायफल आणि टी-७२ रणगाड्यावरील पीकेटी मशीनगन १८९१ चे तेच कडेचे काडतूस झाडतात.

ती स्वस्ताईही आता सरली. गुदामे रिकामी होत गेली, २०१४ पासून युक्रेनच्या संघर्षामुळे निर्बंध वाढले, आणि २०२१ मध्ये अमेरिकेने रशियन बंदुका व काडतुसे आणण्याचे नवे परवाने देणे थांबवले. एके काळी शंभर डॉलरांत मिळणाऱ्या रायफलीला आता त्याच्या तिप्पट-चौपट किंमत पडते, आणि तेवढ्या पैशात सुरक्षेचा चांगला खटका, हलका चाप आणि दुर्बीण बसवण्याची सोय असलेली नवी साधी रायफल मिळू शकते. ज्याला केवळ नेमबाजी किंवा शिकार करावयाची आहे त्याने आता मोसिन घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्याला प्लेव्हनापासून बर्लिनपर्यंतचा इतिहास हातात धरावयाचा आहे त्याने ती अवश्य घ्यावी. आणि पदरी थोडे अधिक पैसे असतील तर फिनलंडच्या एम/३९ ची वाट पाहावी, कारण त्या रायफलीत मोसिनचा गाभा आणि त्याला शोभेल अशी नळी एकत्र आलेली आहेत.