नाविक, बंदर आणि स्त्री: दुसऱ्या महायुद्धकाळातील संबंधांचे मराठी साहित्यातील रूप

१. विषयाची मांडणी

दुसऱ्या महायुद्धाचा मराठी साहित्यावर झालेला परिणाम हा नवसाहित्याच्या चर्चेतील ठरलेला विषय आहे. महागाई, रेशनिंग, काळाबाजार, यंत्रसंस्कृती आणि मूल्यांची पडझड हे शब्द या चर्चेत वारंवार येतात. त्या मानाने एका प्रश्नाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. युद्धाने स्त्री-पुरुषसंबंधांत, विशेषतः लैंगिक आचार-विचारांत, जो बदल घडवला त्याची नोंद मराठी साहित्याने कशी घेतली, हा तो प्रश्न होय. मुंबई हे बंदर असल्यामुळे या बदलाचे सर्वांत ठळक प्रतीक नाविक हेच होते. नाविक घरापासून दूर असतो, त्याचा मुक्काम थोडा असतो, हाती पगार असतो आणि उद्याची खात्री नसते. त्याच्या सहवासात आलेल्या स्त्रीचे स्थान मात्र समाजाने आधीच ठरवून ठेवलेले असते.

प्रस्तुत लेखात या संबंधांच्या तीन जागा विचारात घेतल्या आहेत: प्रवासी जहाज, बंदरालगतची वेश्यावस्ती आणि नौदलाचा तळ. पहिल्या जागेला मराठीत एक श्रेष्ठ कादंबरी लाभली. दुसरीला तिची भाषा मिळायला एक पिढी जावी लागली. तिसरी इतिहासाच्या पानांत राहिली, साहित्यात तिला केंद्रस्थान लाभले नाही. हा क्रम योगायोगाचा नाही. युद्धाने नीतीची बंधने सैल केली हे खरे. परंतु त्या सैलपणाची किंमत कोणी द्यायची हे जुन्याच नियमांनी ठरवले, आणि कोणाची कथा सांगायची हेही बव्हंशी त्यांनीच ठरवले.

२. जहाज: 'रणांगण'

विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' ही कादंबरी १९३९ साली, म्हणजे युद्धाच्या तोंडावर प्रसिद्ध झाली. युरोपातून हिंदुस्थानकडे निघालेले जहाज, त्यावरील हिंदी प्रवासी आणि हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू निर्वासित हा तिचा अवकाश आहे. जुन्या प्रेमभंगाने स्त्रीजातीविषयी कडवट झालेला चक्रधर आणि जर्मन ज्यू तरुणी हॅर्टा यांचे प्रेम काही दिवसांच्या प्रवासात जन्माला येते आणि तेवढ्यातच संपुष्टात येते.

जहाज ही जागा येथे केवळ पार्श्वभूमी नाही. घर, जात, शेजार, वडीलधारी मंडळी यांपैकी कोणाचीही नजर तेथे नसते. किनारा सुटला की ओळखीचे जग मागे पडते आणि पुढचे बंदर येईपर्यंत माणूस केवळ माणूस म्हणून वावरू शकतो. बंदराबंदरांतून फिरणाऱ्या खलाशाच्या वाट्याला येणारी ही मोकळीक येथे प्रवाशाच्या वाट्याला आली आहे. चक्रधरची सुरुवातीची वृत्तीही तशीच, प्रवासापुरती करमणूक शोधणारी आहे. स्त्री ही जिंकण्याची आणि विसरण्याची वस्तू, ही त्याची धारणा हॅर्टाच्या सहवासात ढासळू लागते. ज्या स्त्रीचा देश, घर आणि भविष्य हिरावले गेले आहे तिच्यापुढे त्याचा कडवटपणा लहान वाटू लागतो.

तथापि कादंबरी या मोकळिकीचे गोडवे गात नाही. मुंबई आली की चक्रधर उतरतो, हॅर्टाला उतरता येत नाही. जहाजावर समान भासणारी ती दोघे किनाऱ्याशी येताच असमान ठरतात. एकाला परतण्यासाठी घर आहे, दुसरीला कोणतेही राष्ट्र घ्यायला तयार नाही. पुढे हॅर्टा समुद्रात जीव देते. प्रेमातील असफलता हे या शेवटाचे स्पष्टीकरण पुरेसे नाही. संबंध मोकळा झाला, पण पारपत्र मोकळे झाले नाही, हे त्याचे मर्म आहे. युद्धकाळातील अल्पजीवी संबंधात पुरुषाला 'आठवण' उरते आणि स्त्रीला परिणाम भोगावा लागतो, हे सूत्र बेडेकरांनी वंश आणि राष्ट्र यांच्या संदर्भात मांडले. शीर्षकातील रणांगण हे म्हणूनच दुहेरी अर्थाने वाचावे लागते.

हा बदल एकट्या युद्धाने घडवला असे मानणे मात्र चुकीचे ठरेल. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने मालतीबाई बेडेकर यांनी 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) आणि 'हिंदोळ्यावर' (१९३४) यांतून शिकलेल्या मध्यमवर्गीय स्त्रीच्या दबलेल्या इच्छांना वाचा फोडली होती आणि त्यावरून मोठा गदारोळही उठला होता. युद्धापूर्वीच घराच्या भिंतींना तडे गेले होते. युद्धाने ते रुंदावले. विभावरींच्या नायिका घराच्या आत घुसमटतात, हॅर्टा घराबाहेर फेकली जाते. या दोन टोकांमध्ये मराठी स्त्रीजीवनाचे एक दशक उभे आहे.

३. वस्ती: नीती, रोग आणि दोषारोप

जहाजावरील प्रेमाला करुणेचे वलय लाभले. बंदरावर उतरलेल्या नाविकाच्या दुसऱ्या संबंधाला ते लाभले नाही. युद्धकाळात मुंबई हे सैन्याच्या आणि शस्त्रसामग्रीच्या ये-जा करण्याचे मोठे ठाणे बनले. एकट्या रॉयल इंडियन नेव्हीचे मनुष्यबळ १९३९ मध्ये दोन हजारांच्या आत होते, ते युद्धअखेर सुमारे ३० हजारांपर्यंत वाढले. त्यांशिवाय ब्रिटिश आणि इतर दोस्त राष्ट्रांचे सैनिक आणि व्यापारी जहाजांवरील खलाशी होतेच. एवढ्या तरुण पुरुषांच्या वाढत्या गर्दीचा ताण कामाठीपुऱ्यासारख्या वस्त्यांवर पडणे अपरिहार्य होते. या वस्तीचे नाव ज्या कामाठी मजुरांवरून पडले ते निजामाच्या तेलंगी मुलखातून मुंबई बांधायला आलेले होते, ही गोष्ट मराठवाड्याच्या वाचकाने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या संबंधाकडे पाहण्याची राज्यकर्त्यांची दृष्टी जुनी होती. १८६८च्या संसर्गजन्य रोगविषयक कायद्याने वेश्यांची नोंदणी आणि वैद्यकीय तपासणी सक्तीची केली होती. शिपायावर अशी सक्ती नव्हती. हा कायदा १८८८ साली रद्द झाला, पण त्यामागील समजूत टिकून राहिली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील आरोग्यविषयक भित्तिपत्रकांवर गुप्तरोगाला हसतमुख तरुणीचा चेहरा दिला जात असे. पुरुष हा रोगाचा बळी आणि स्त्री हा रोगाचा उगम, अशी ही वाटणी होती. देशभक्तीच्या काळात सैनिकाला दोष देणे गैरसोयीचे असते. म्हणून तो स्त्रीच्या माथी मारला जातो.

मराठीत या दुटप्पीपणावर सातत्याने प्रहार करणारे नियतकालिक म्हणजे र. धों. कर्वे यांचे 'समाजस्वास्थ्य'. १९२७ ते १९५३ या काळात, म्हणजे युद्धाच्या वर्षांतही, कर्वे यांनी संततिनियमन, गुप्तरोग आणि स्त्रीचा कामसुखावरील हक्क या विषयांवर निर्भीड लेखन केले. १९३४ मध्ये अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी न्यायालयात मांडली. रोगाचा विचार नीतीच्या नव्हे तर आरोग्याच्या निकषावर करावा, आणि एकाच कृतीसाठी स्त्री-पुरुषांना वेगवेगळे माप लावू नये, ही कर्व्यांची भूमिका होती. युद्धाने तिची निकड सिद्ध केली. समाजाने मात्र ती पेलली नाही.

युद्धोत्तर मुंबईतील कामवासनेचे यांत्रिक, उदास रूप बा. सी. मर्ढेकर यांच्या 'काही कविता' (१९४७) मध्ये उमटले. त्यावरही अश्लीलतेचा खटला झाला आणि मर्ढेकर निर्दोष सुटले. परंतु मर्ढेकरांची दृष्टी शहराच्या मध्यमवर्गीय निरीक्षकाची होती. वस्तीच्या आतून बोलणारी भाषा यायला नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा' (१९७२) या संग्रहाची वाट पाहावी लागली. 'गोलपिठा' ही युद्धाची कविता नव्हे. तरीही बंदराच्या आणि छावणीच्या अर्थकारणाने पोसलेला जो बाजार पूर्वीच्या साहित्याने 'पाप' या एका शब्दात झाकून टाकला होता, तो येथे त्याच्या बोलीसह, भुकेसह उघडा झाला. हॅर्टासाठी हळहळणाऱ्या वाचकाला कामाठीपुऱ्यातील स्त्री दिसायला तेहतीस वर्षे लागली.

४. तळ: 'तलवार' आणि परळ

युद्धाने नाविक आणि स्त्री यांच्यात आणखी एक, पूर्वी नसलेला संबंध निर्माण केला. तो सहकाऱ्यांचा होता. १९४२ मध्ये महिला साहाय्यक दल स्थापन झाले. त्याची नौदल शाखा गणवेशातील स्त्रियांची होती. संदेशवहन, सांकेतिक लिपी, कार्यालयीन कामकाज अशी कामे त्या करीत. या शाखेतील अधिकारी कल्याणी सेन यांनी १९४५ मध्ये ब्रिटनचा दौरा केला. हिंदी आणि अँग्लो-इंडियन तरुणी नाविकांच्या शेजारी नोकरी करू लागल्या. त्या प्रेयसी नव्हत्या, वेश्या नव्हत्या, कुटुंबातील आई-बहीणही नव्हत्या. अशा स्त्रीशी कसे वागायचे याचा कोणताच संस्कार पुरुषांच्या गाठी नव्हता.

या अवघडलेपणाचे पडसाद एका ऐतिहासिक घटनेत उमटले. कुलाब्याच्या 'तलवार' या संदेशवहन प्रशिक्षण तळावर १८ फेब्रुवारी १९४६ रोजी नाविकांचा उठाव सुरू झाला. निकृष्ट अन्न, वर्णभेद आणि अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा ही त्याची कारणे सुपरिचित आहेत. तळाचे प्रमुख कमांडर किंग यांनी ८ फेब्रुवारीला नाविकांना दिलेल्या शिव्यांचा त्यात मोठा वाटा होता. चौकशीपुढे आलेल्या हकिगतीनुसार महिला दलातील स्त्रियांकडे पाहून काही नाविकांनी केलेल्या आरोळ्यांचे निमित्त त्या प्रसंगामागे होते. किंग यांच्या शिव्यांचा रोख नाविकांच्या जन्मावर, म्हणजे पर्यायाने त्यांच्या आयांवर होता.

या प्रसंगाचा अर्थ लावताना सावध राहावे लागते. अधिकाऱ्याची वर्णद्वेषी भाषा कोणत्याही कारणाने क्षम्य ठरत नाही, आणि नाविकांच्या उठावाचे राष्ट्रीय मोलही त्या आरोळ्यांनी उणे होत नाही. परंतु एका बाजूने महिला दलातील स्त्रीची अप्रतिष्ठा आणि दुसऱ्या बाजूने आईवरून दिलेली शिवी, अशा दोन्ही टोकांना स्त्री हीच अपमानाचे साधन होती, हे नजरेआड करता येत नाही. त्या स्त्रियांना स्वतःला काय वाटले, हा प्रश्न उठावाच्या वीरगाथेत विचारला जात नाही.

उठाव पसरत गेला; ७८ जहाजे, २० तळ आणि सुमारे २० हजार नाविक त्यात सामील झाले. मुंबईकरांनी गेटवेपाशी नाविकांसाठी अन्न आणून दिले. अरुणा असफ अली यांनी नाविकांना पाठिंबा दिला. कामगार संपावर गेले आणि शहरात झालेल्या गोळीबारांत दोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. २२ फेब्रुवारीला परळ भागात कमल दोंदे ठार झाल्या, कुसुम रणदिवे जखमी झाल्या. २३ फेब्रुवारीला नाविकांनी शरणागती पत्करली. ज्या नाविकाला प्रतिष्ठित वस्तीने एरवी संशयाने पाहिले असते, त्याच्यासाठी परळच्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. कामभावना, दया किंवा व्यवहार यांपलीकडचे, समान लढ्याचे हे नाते होते. युद्धाने घडवलेल्या सर्व बदलांत हाच बदल सर्वांत मूलगामी म्हणता येईल. बंगालीत उत्पल दत्त यांनी या उठावावर 'कल्लोल' (१९६५) हे नाटक उभे केले. उठाव मुंबईत झाला, रक्त परळमध्ये सांडले, तरी मराठी नाटक-कादंबरीच्या मुख्य प्रवाहात त्याला असे स्थान मिळाले नाही.

५. समुद्रापासून दूर

हा प्रश्न केवळ बंदराचा नाही. उमरगा तालुक्यातील मुरुम हे गाव समुद्रापासून कितीतरी दूर आहे. १९४८ पर्यंत ते निजामाच्या राज्यात होते. येथे गणवेशधारी पुरुष वेगळ्या रूपाने आले. आधी रझाकारांच्या दहशतीने अनेक कुटुंबे सरहद्द ओलांडून सोलापूरकडे गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्याने सोलापूर-हैदराबाद मार्गाने नळदुर्गाजवळून प्रवेश केला. पाच दिवसांत कारवाई संपली, पण नंतरच्या सूडाच्या हिंसाचारात मुस्लिम वस्त्यांची मोठी हानी झाली. पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने सर्वाधिक झळ पोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद (आजचे धाराशिव), गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावे घेतली; स्त्रियांच्या अपहरणाचे आणि बलात्कारांचे उल्लेखही त्या अहवालात आहेत. हा अहवाल अनेक दशके जनतेपासून दूर राहिला.

मुक्तिसंग्रामाच्या साहित्यात पराक्रम आहे, त्याग आहे; दोन्ही समाजांच्या स्त्रियांनी जे सोसले ते 'अब्रू' या शब्दाआड गेले आहे. कामाठीपुऱ्यातील 'पाप' आणि मराठवाड्यातील 'अब्रू' हे शब्द परस्परविरोधी भासतात, परंतु त्यांचे कार्य एकच आहे. दोन्ही शब्द स्त्रीला बोलू देत नाहीत.

६. समारोप

उपर्युक्त विवेचनावरून असे दिसते की, युद्धकाळाने संबंधांना मोकळीक दिली, परंतु मराठी साहित्याने त्या मोकळिकीपैकी तेवढाच भाग स्वीकारला जो मध्यमवर्गीय वाचकाच्या सहानुभूतीत बसत होता. 'रणांगण'चे श्रेष्ठत्व यात आहे की, त्या मर्यादेत राहूनही ते पुरुषाच्या मोकळिकीची किंमत स्त्रीकडून वसूल होताना दाखवते, आणि हॅर्टाच्या पत्रांतून तिला तिचा आवाज देते. तो आवाज पुरुष लेखकाने रचलेला आहे, हे विसरता येत नाही.

स्त्रियांचे स्वतःचे शब्द अन्यत्र शोधावे लागतील. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी संकलित केलेल्या एक लाखाच्या घरातील जात्यावरच्या ओव्यांनी हे सिद्ध केले आहे की, जिला लेखणी मिळाली नाही तिच्यापाशीही स्वतःच्या आयुष्याचा स्पष्ट, निर्भय उच्चार होता. ती पिढी आता जवळजवळ संपली आहे. तिच्या लेकी-सुनांच्या स्मरणात, घरातील पेटीत राहिलेल्या पत्रांत आणि संग्रहांतील ओव्यांत जे उरले आहे, तेवढेच आता हाती लागू शकते. युद्धकाळाचा मराठी साहित्येतिहास लिहिताना ही साधने पुरवणीत न ठेवता मुख्य संहितेच्या शेजारी ठेवून वाचली, तरच जहाजावरची, वस्तीतली, तळावरची आणि गावातली स्त्री एकाच इतिहासाच्या कक्षेत येईल.