जुगाराचा कर कोण भरतो?

जुगार वाईट, हे सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु निरनिराळ्या देशांचे जुगारविषयक कायदे शेजारी शेजारी ठेवून वाचले, की वेगळाच प्रश्न उभा राहतो. कोणाचा जुगार गुन्हा ठरतो, कोणाचा करमणूक ठरते, आणि त्यावरचा कर अखेर कोणाच्या खिशातून जातो?

इंग्लंडचे उदाहरण बोलके आहे. तेथे १९०६ च्या कायद्याने रस्त्यावर पैज लावणे-घेणे हा गुन्हा ठरवला. रेसकोर्सवर जाऊन मात्र पैज लावता येत होती. ज्याची पत होती तो बुकीकडे खाते ठेवून घरबसल्या उधारीवर खेळू शकत होता. कामगार रोखीने गल्लीच्या तोंडाशी खेळे आणि पकडला जाई. कृती एकच, फरक ऐपतीचा. १९६० चा कायदा आला आणि मे १९६१ पासून पैजेची परवानाधारक दुकाने उघडली, तेव्हा कुठे हा भेद सैल झाला.

आपल्याकडेही तेच. मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. रेसकोर्सना परवाने देणारा कायदा १९१२ चा. म्हणून महालक्ष्मीच्या कुंपणाआत लावलेला पैसा कायदेशीर आणि चाळीच्या जिन्याखाली लावलेला मटक्याचा आकडा बेकायदेशीर. घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली दिला. मटक्याने गिरणगावातील अनेक संसार धुऊन नेले, हे विसरून त्याची तरफदारी करण्याचे कारण नाही. पण १९६९ पासून खुद्द राज्य सरकारच लॉटरी चालवीत आहे, हेही विसरता येत नाही.

सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत काही सदस्यांनी राज्यसूचीतून जुगाराचा विषयच वगळावा असे म्हटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यातली चूक दाखवली. विषय वगळल्याने जुगार बंद होत नाही. उलट त्यावर कोणाचेच नियंत्रण उरत नाही. नोंद असेल तर तिच्या आधारे परवानगीही देता येते आणि बंदीही घालता येते. ती नोंद आज राज्यसूचीत ३४ व्या क्रमांकावर आहे. जुगारावरील कराची २०१६ पर्यंत ६२ व्या क्रमांकावर होती.

आता कराकडे वळू. ब्रिटनमध्ये पूर्वी दुकानदार पैजेवरचा कर गिऱ्हाइकाकडूनच वसूल करीत. २००१ साली तो काढून दुकानदाराच्या ढोबळ नफ्यावर १५ टक्के कर बसवला. म्हणजे १०० पौंड लागले, ९० जिंकणाऱ्यांना गेले, तर उरलेल्या १० वर दीड पौंड. भारतात ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनो व ऑनलाइन जुगारात लावायला भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी आला. सप्टेंबर २०२५ मध्ये जुगारावरचा दर ४० टक्के झाला. त्याच्या आदल्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाही केला.

सिंगापूरमध्ये परदेशी पाहुण्याला कॅसिनोत प्रवेश मोफत आहे. नागरिकाला २०१९ पासून दिवसाला १५० डॉलर मोजावे लागतात. मोनॅकोच्या नागरिकांना आपल्याच कॅसिनोत खेळायला मनाई आहे. आपल्या माणसाचे नुकसान नको, पैसा परक्याचा चालेल! जुगाराने काय होते हे राज्यकर्त्यांना नीट माहीत असल्याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता?

लॉटरीचे तिकीट हमालाला आणि सावकाराला एकाच किमतीला मिळते. म्हणून त्यातला कर हमालाच्या रोजातला मोठा वाटा नेतो, सावकाराला तो जाणवतही नाही. मिठावरच्या कराचा न्याय हाच होता. फरक इतकाच, की इथे कर भरणारा स्वतःहून रांगेत उभा राहतो. आणि बहुधा तो अशासाठी उभा राहतो, की कष्टाने दिवस पालटतील हा भरवसा व्यवस्थेने त्याला कधी दिलेलाच नसतो. म्हणून कार्यकर्त्यांनी वस्तीत नुसता उपदेश करू नये. या कराचा पैसा कोठे खर्च होतो, याचा हिशेब शासनाकडे मागावा.