छायाचित्रावरून फुलपाखरू ओळखताना

पावसाचा जोर ओसरला, की धायरीच्या धारेश्वराच्या टेकडीवर व सिंहगडाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला फुललेल्या रानफुलांवर फुलपाखरांची वर्दळ वाढते. पावसाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या आरंभापर्यंतचा काळ पुणे परिसरात त्यांच्या निरीक्षणास विशेष अनुकूल असतो. धायरी हे गाव आता पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आहे; तथापि तेथे दिसणारी बहुतेक सामान्य फुलपाखरे डोणजे, खानापूर यांसारख्या गावांतील शाळांच्या आवारातही सहज आढळतात. परिसर अभ्यासाच्या तासाला याहून सुलभ साधन क्वचितच मिळेल.

पूर्वी असा अभ्यास करावयाचा म्हणजे फुलपाखरू जाळ्यात पकडून टाचणीने टोचून ठेवावे लागे. आता बहुतेक शिक्षकांजवळ छायाचित्र घेणारा दूरध्वनी असल्यामुळे जिवास अपाय न करता निरीक्षण करता येते. मात्र छायाचित्र घेणे जितके सोपे, तितकेच त्याखाली नाव लिहिणे अवघड आहे. विद्यार्थी चित्र दाखवितो, शिक्षक पाहताक्षणी अथवा दूरध्वनीवरील ॲपच्या साहाय्याने नाव सांगतात आणि ते वहीत कायमचे नोंदले जाते. ते नाव कोणत्या खुणेवरून ठरले, हा प्रश्न बहुधा विचारलाच जात नाही. या प्रश्नाचे महत्त्व पुढील उदाहरणांवरून ध्यानात येईल.

साम्याचे कारण

भिन्न जातींची फुलपाखरे एकसारखी का दिसतात, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. प्लेन टायगर या नारिंगी फुलपाखराच्या अळ्या रुईची पाने खातात. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये अळीच्या शरीरात साठतात व पुढे फुलपाखरातही राहतात. असे फुलपाखरू एकदा चोचीत धरलेला पक्षी त्या रंगाच्या वाटेस सहसा पुन्हा जात नाही. विषारी नसलेल्या एखाद्या जातीने तेच रूप धारण केले, तर तिलाही आपोआप संरक्षण मिळते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील फुलपाखरांचा अभ्यास करून हेन्री बेट्स यांनी हे तत्त्व 1862 मध्ये मांडले. ज्या साम्याने पक्षी फसतो, त्याच साम्याने घाईने पाहणारा मनुष्यही फसतो.

पहिली जोडी : दोन नारिंगी फुलपाखरे

प्लेन टायगरचे हुबेहूब रूप डॅनेड एगफ्लाय या जातीच्या मादीने घेतले आहे. दोहोंचे पंख नारिंगी, पुढच्या पंखाचे टोक काळे आणि त्यावर पांढरा पट्टा. केवळ रंग पाहणारा दोहोंस एकच नाव देईल. खरी खूण मागच्या पंखावर आहे. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी काळे ठिपके असतात. मादीस तीन आणि नरास चार. एगफ्लायच्या मादीचा तोच भाग स्वच्छ असून पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच ठळक काळा ठिपका असतो. शिवाय तिच्या मागच्या पंखाची कड किंचित कंगोरेदार असते. पुढच्या पंखाने मागचा पंख झाकला गेला असेल, तर त्या छायाचित्रावरून निर्णय देऊ नये.

याच एगफ्लायचा नर मात्र पूर्णतः निराळा दिसतो. तो काळा असून त्याच्या प्रत्येक पुढच्या पंखावर दोन व मागच्या पंखावर एक असे पांढरे ठिपके असतात आणि त्यांभोवती निळसर जांभळी झळाळी असते. ही झळाळी प्रकाशाच्या कोनानुसार दिसते अथवा लोपते. म्हणून ती छायाचित्रात दिसली नाही, एवढ्यावरून जात निराळी ठरत नाही. अशी नरमादी शेजारी बसलेली असता विद्यार्थी दोन जातींची नोंद करील, यात त्याचा दोष नाही. एकाच जातीत नर व मादी भिन्न असू शकतात आणि भिन्न जाती एकसारख्या असू शकतात, ही दोन्ही तथ्ये त्यास याच एका उदाहरणावरून शिकविता येतात.

दुसरी जोडी : काळ्या पंखांची शेपटीवाली फुलपाखरे

कॉमन मॉरमॉन हे फुलपाखरू कढीपत्ता व लिंबू यांवर अंडी घालते. त्यामुळे ते घरोघरच्या परसात येते. त्याचा नर काळा असून मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची आडवी ओळ असते. मादी मात्र तीन रूपांत आढळते. एक रूप नरासारखे, दुसरे कॉमन रोझ या फुलपाखरासारखे व तिसरे क्रिमझन रोझसारखे. ही दोन्ही रोझ फुलपाखरे ईश्वरीच्या कुळातील वेलींवर वाढतात व त्या वेलींतील विषामुळे पक्ष्यांना नकोशी होतात. मॉरमॉनच्या मादीची ही रूपे डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकाशी निगडित आहेत, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखविण्यात आले. त्या संशोधनात कृष्णमेघ कुंटे या मराठी शास्त्रज्ञाचा प्रमुख वाटा होता.

येथे पंखांवरील नक्षीवर विसंबून चालत नाही. दृष्टी शरीराकडे वळवावी. दोन्ही रोझ फुलपाखरांच्या शरीरावर स्पष्ट लाल रंग असतो. मॉरमॉनच्या मादीचे शरीर काळे असते. तिचा लाल रंग पंखांपुरताच मर्यादित आहे. छायाचित्रात शरीर फुलाआड गेले असेल, तर निर्णय राखून ठेवावा.

ही खूण दुर्लक्षिल्यास काय घडते, ते पाहावे. जैविक विविधता अधिनियम, 2002 अन्वये गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार केल्या जातात आणि शाळेतील नोंदी त्यांस उपयोगी पडू शकतात. मॉरमॉनच्या मादीखाली कॉमन रोझ असे नाव लिहिले, तर वाचणारा असे अनुमान काढील की आसपास ईश्वरीचा वेल टिकून आहे. प्रत्यक्षात तेथे परसातील कढीपत्त्याखेरीज काही नसेल. रिकामी जागा पुढे केव्हाही भरता येते. चुकीचे नाव मात्र खरे मानून पुढच्या वहीत उतरविले जाते.

तिसरा गट : लहान पिवळी फुलपाखरे

गवतावर बुटक्या उंचीवरून उडणारी लहान पिवळी फुलपाखरे ग्रास यलो या नावाने ओळखली जातात. त्यांत अनेक जाती आहेत. पंखाच्या वरच्या बाजूची काळी किनार व खालच्या बाजूचे बारीक तपकिरी ठिपके यांवरून त्या ओळखतात. परंतु ही फुलपाखरे पंख मिटून बसत असल्याने किनार दिसत नाही आणि ठिपके ऋतुमानानुसार कमीअधिक होतात. अशा वेळी जातीचे नाव देण्याचा आग्रह धरू नये. ‘ग्रास यलो, जात अनिश्चित’ एवढीच नोंद करावी. ही नोंद अपूर्ण असली तरी खरी आहे.

छायाचित्र घेताना

एकाच फुलपाखराची शक्यतो तीन छायाचित्रे घ्यावीत : पंख उघडे असताना वरून, पंख मिटलेले असताना बाजूने आणि डोके व शरीर स्पष्ट दिसेल असे एक. चित्रावरून आकारमान कळत नाही. म्हणून ओळखीचे पान अथवा फूल चौकटीत येऊ द्यावे. चित्राचे रंग मागाहून गडद करू नयेत. दिनांक, स्थळ, वेळ व ज्या वनस्पतीवर फुलपाखरू बसले होते तिचे नाव त्याच दिवशी लिहावे. चित्रासाठी फुलपाखरू हाताने धरू नये. पंखांवरील खवले गळतात व त्यांबरोबर खुणाही नाहीशा होतात.

वर्गातील पाठ

वहीच्या पानावर चार रकाने आखावेत : दिसलेल्या खुणा, न दिसलेल्या खुणा, संभाव्य नावे आणि निर्णय. नाव अखेरच्या रकान्यात असल्यामुळे विद्यार्थ्यास प्रथम पाहावे लागते व मग बोलावे लागते. ॲपने सुचविलेले नाव तिसऱ्या रकान्यात लिहावे. खूण पटल्याखेरीज ते चौथ्यात नेऊ नये. दोन विद्यार्थ्यांत मतभेद झाल्यास शिक्षकांनी निवाडा देण्याची घाई करू नये. प्रत्येकास चित्रावर बोट ठेवून आपली खूण दाखविण्यास सांगावे. जो खूण दाखवू शकेल, त्याचे म्हणणे ग्राह्य धरावे, मग तो वर्गातील सर्वांत लहान मुलगा वा मुलगी का असेना.

शिक्षकांस सर्व फुलपाखरांची नावे ठाऊक असावीत, अशी अपेक्षा कोणी करीत नाही. ‘या चित्रावरून सांगता येत नाही’ हे वाक्य गुरुजींच्या किंवा बाईंच्या तोंडून निःसंकोचपणे ऐकलेला विद्यार्थी पुढे कोणत्याही विषयात पुराव्यावाचून विधान करण्यापूर्वी थांबेल. चौथा रकाना काही दिवस रिकामा राहिला, तरी त्यामुळे पाठ अपुरा ठरत नाही.